प्रीमियर पद्मिनीच्या मागच्या दिव्यांना एलईडी : आधी अर्थ, मग बल्ब

लालकाच :

"फियाटला मागे एलईडी टाकायचेत, कुठले घेऊ?" हा प्रश्न दर महिन्याला कुठल्या ना कुठल्या धाग्यावर येतो आणि उत्तरं विखुरलेली राहतात. पद्मिनी आणि तिच्या आधीची फियाट ११०० डी डोळ्यांसमोर ठेवून एका जागी लिहितो. दोन्ही गाड्या १२ व्होल्ट, निगेटिव्ह अर्थ (अर्थ म्हणजे अर्थिंग : बॅटरीची निगेटिव्ह गाडीच्या पत्र्याला जोडलेली), त्यामुळे बाजारात मिळणारे बहुतेक बल्ब चालतात. चुकलं असेल तिथे दुरुस्त करा, भर घाला.

मुळात बदलायचं कशासाठी? तीन कारणं खरी आहेत. एक, वेळ. २१ वॅटची फिलामेंट पूर्ण तापायला साधारण सेकंदाचा पाचवा हिस्सा जातो, एलईडी लगेच पेटतो. ताशी ८० ला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते, म्हणजे मागच्याला चार मीटरहून जास्त अंतर आधी कळतं. दोन, करंट. दोन ब्रेक बल्ब मिळून ४२ वॅट, म्हणजे १२ व्होल्टवर साडेतीन अँपियर. डायनामोवाली गाडी सिग्नलला उभी असताना चार्जिंग जवळपास शून्य असतं, आणि तेव्हाच पाय ब्रेकवर असतो. तीन, ब्रेकचा स्विच. ब्रेक ऑइलच्या दाबावर चालणाऱ्या स्विचचे कॉन्टॅक्ट जळून त्यात समजा १ ओहम रेझिस्टन्स आला, तर साडेतीन अँपियरच्या हिशोबाने तीन-साडेतीन व्होल्ट तिथेच जाऊ पाहतात आणि दिवा मिणमिणतो. एलईडी पाव अँपियर घेत असेल तर तिथे पाव व्होल्टच पडतो.

आता बल्ब. टेल (रात्री सतत पेटलेला मागचा दिवा) आणि ब्रेक एकाच बल्बात असेल तर तो डबल कॉन्टॅक्ट, पी२१/५डब्ल्यू (ब्रेकची २१ आणि टेलची ५ वॅटची फिलामेंट), बेस बीएवाय१५डी. दुकानात ११५७ म्हणून मागा. याच्या दोन पिना वरखाली असतात, म्हणून तो एकाच बाजूने बसतो. इंडिकेटरचा सिंगल कॉन्टॅक्ट, पी२१डब्ल्यू, बेस बीए१५एस, म्हणजे ११५६. याच्या पिना समोरासमोर एका उंचीवर. पिना समान उंचीवर असलेला डबल कॉन्टॅक्ट बल्बही मिळतो, बीए१५डी. तो जोर लावून बसवला की उलटा बसू शकतो, आणि मग टेल भडक आणि ब्रेक मंद अशी धोकादायक अदलाबदल होते.

रंगाबाबत तडजोड नको. लाल काचेमागे लालच एलईडी, नारिंगीमागे नारिंगी. पांढऱ्या एलईडीत निळ्याचा आणि पिवळसर उजेडाचा भाग मोठा, लालचा कमी. लाल काच त्यातला बराच उजेड खाऊन टाकते आणि जे बाहेर येतं ते गुलाबट दिसतं. लाल एलईडीचा सगळा उजेड ६२० ते ६३० नॅनोमीटरच्या आसपास असतो, तो काचेतून जवळपास तसाच बाहेर पडतो. अपवाद एकच, नंबर प्लेटचा उजेड. काही गाड्यांत टेल लॅम्पच्याच खालच्या बाजूला पारदर्शक खिडकी असते आणि प्लेटवर तिथून उजेड पडतो. तिथे लाल बल्ब टाकला की प्लेट लाल दिसते, आणि नियमाला पांढरा उजेड लागतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं : दिवा किती झगझगीत आहे यापेक्षा टेल आणि ब्रेक यांतला फरक किती, हे पाहा. मागच्या ड्रायव्हरला दिवसा-रात्री, पावसात, धुळीत हा फरकच कळायला हवा. ब्रेकचा उजेड टेलच्या किमान पाचपट असावा. स्वस्त ११५७ मध्ये हे प्रमाण दुपटीवर आलेलं असतं. असे बल्ब घेऊच नका, कितीही "सुपर ब्राइट" लिहिलेलं असो.

गॅरेज_नं_३ :

उत्तम धागा. बल्ब निवडताना आणखी एक बघायचं, ते म्हणजे बल्ब लॅम्पमध्ये कसा बसतो. मूळ बल्बात पिनांपासून फिलामेंटचं अंतर ३१.८ मिमी असतं आणि मागचा रिफ्लेक्टर त्या बिंदूसाठी घडवलेला असतो. ज्या बल्बात सगळ्या चिप्स (उजेड देणारे एलईडीचे बारीक तुकडे) टोकाला पुढे तोंड करून आहेत, त्याचा उजेड रिफ्लेक्टरवर पडतच नाही. काचेच्या मधोमध एक ठिपका पेटतो आणि कडा काळ्या राहतात. बल्ब काचेला समांतर आडवा किंवा उभा असेल तर चारी बाजूंना चिप्स असलेला घ्यावा. मागे तोंड करून बसत असेल तर बाजूंना आणि टोकाला, दोन्हीकडे चिप्स हव्यात.

लांबीही मोजा. मूळ बल्ब साधारण ५० मिमी असतो. काही एलईडी ६० च्या पुढे जातात, काचेला टेकतात आणि स्क्रू आवळले की काच तडकते. पद्मिनीची चांगली जुनी काच आज सहज मिळत नाही, त्यामुळे ही चूक महागात पडते.

होल्डर_साफ_करा :

धाग्याच्या नावात "आधी अर्थ" लिहिलंय, त्याबद्दल सविस्तर. जुन्या गाडीत निम्म्याहून जास्त कटकट बल्बची नसते, होल्डरची असते.

बल्ब काढून आत टॉर्च मारा. पत्र्याच्या नळीत तळाला तपकिरी फायबरची गोल चकती दिसेल, तिच्यावर पितळेचे दोन ठिपके, आणि चकतीमागे स्प्रिंग. ठिपक्यांवर हिरवट-पांढरी बुरशी, नळीच्या आतल्या भिंतीला गंज, आणि स्प्रिंग इतकी मेलेली की चकती दाबली तर पुन्हा वर येत नाही, हे नेहमीचं चित्र. काचेचा बल्ब स्वतःच्या उष्णतेने आणि जास्त करंटने अशा कॉन्टॅक्टमधूनही कसाबसा चालतो. एलईडीचा करंट कमी असल्याने तो लुकलुकतो.

काम असं : बॅटरीची निगेटिव्ह सोडा. ४०० नंबरचा पॉलिश पेपर पेन्सिलीला गुंडाळून नळी आतून फिरवा, पितळेचे ठिपके चमकेपर्यंत घासा, कॉन्टॅक्ट क्लीनर मारा. स्प्रिंग बसली असेल तर होल्डरच बदला. ताणून लांब केलेली स्प्रिंग फार दिवस टिकत नाही.

मग अर्थ. मुळात लॅम्पचा अर्थ त्याच्या बॉडीतून, बसवायच्या स्क्रूंतून, गाडीच्या पत्र्याला मिळतो. गाडी दोन-तीनदा रंगवलेली असेल तर स्क्रूखाली रंगाचे थर असतात. प्रत्येक होल्डरच्या बॉडीला १ स्क्वेअर मिमीची काळी वायर सोल्डर करा आणि डिकीच्या आत एका बोल्टला रिंगचा लग (वायरच्या टोकाची कडी) लावून घ्या. लगाखालचा रंग उघड्या पत्र्यापर्यंत खरवडा, दात्यांचा वॉशर टाका, आवळल्यावर वरून ग्रीस. दोन्ही बाजूंचे लग एकाच बोल्टला आले तर पुढे दोष शोधणं सोपं जातं.

तपासणी मात्र जुने बल्ब असतानाच करा. हेडलाइट, टेल चालू, कुणालातरी ब्रेक दाबायला सांगा. मल्टीमीटर डीसी २० व्होल्टवर, काळी प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हवर, लाल होल्डरच्या बॉडीवर. ०.१ व्होल्टपर्यंत ठीक, ०.२ च्या वर गेलं तर अर्थ खराब. एलईडी लावून हेच मोजलंत तर करंट इतका कमी असतो की खराब अर्थही चांगला दिसतो.

फ्यूजही बघा. दोन्ही टोकांना टोपी असलेले ८ अँपियरचे सिरॅमिक फ्यूज असतात त्या गाडीत. टोकांना आणि क्लिपांना काळपट थर चढतो. फ्यूज जागच्या जागी फिरवला आणि दिवा उजळला तर दोष तिथेच.

डिकी_उघडी :

प्रश्न. एलईडी बसवल्यावर ब्रेक दाबला की डॅशबोर्डचे मीटरचे दिवे अगदी मंद उजळतात. पार्किंग बंद असतानाही. अर्थ नवीन टाकला आहे, ०.०५ व्होल्ट आहे.

लालकाच :

अर्थ चांगला आहे म्हणजे बल्बमधून उलटा करंट येतोय. काचेच्या बल्बात हे फक्त अर्थ तुटल्यावर होतं : ब्रेकचा करंट २१ वॅटच्या फिलामेंटमधून ५ वॅटच्या फिलामेंटमध्ये, तिथून टेलच्या वायरने पुढे पार्किंग आणि मीटरच्या दिव्यांना. एलईडी बल्बात टेल आणि ब्रेक एकाच चिप्स वापरतात. आत दोन्ही इनपुटला डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) नसेल तर ब्रेकचे व्होल्ट टेलच्या कॉन्टॅक्टवर उमटतात. मीटरलाही एलईडी असतील तर त्यांना उजळायला दोन-चार मिलिअँपियर पुरतात.

टेबलावर खात्री करा. बल्बच्या बॉडीला निगेटिव्ह, ब्रेकच्या ठिपक्याला १२ व्होल्ट पॉझिटिव्ह द्या. टेलचा ठिपका आणि बॉडी यांमध्ये एक साधा एलईडी १ के (१००० ओहम) रेझिस्टरसह लावा. उजळला तर बल्बात डायोड नाही. एकतर बल्ब बदला, नाहीतर डिकीत टेलच्या वायरमध्ये वन-एन-४००७ डायोड टाका, पांढरा पट्टा बल्बच्या दिशेने. दोन्ही बाजूंना वेगळा. ०.७ व्होल्ट पडेल, टेलला त्याने फरक पडत नाही. सोल्डर करून वर स्लीव्ह चढवा.

टिकटिक :

इंडिकेटरचं राहिलं. चारही इंडिकेटर एलईडी केले की मूळ फ्लॅशर (इंडिकेटरची उघडझाप करणारा डबा) बंद पडतो किंवा दिवा पेटून तसाच राहतो, कारण तो फ्लॅशर करंटच्या उष्णतेवर चालतो. एका बाजूच्या दोन २१ वॅट बल्बांच्या साडेतीन अँपियरने आतली तार तापते आणि कॉन्टॅक्ट उघड-बंद होतो. अर्ध्या अँपियरने ती तापतच नाही. पुढच्या काळात बसवलेले इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर उलट वागतात, करंट कमी दिसला की "बल्ब गेला" असं समजून दुप्पट वेगाने टिकटिकतात.

लोक ६ ओहम ५० वॅटचे सोनेरी रेझिस्टर लावतात. माझं स्पष्ट मत, लावू नका. १३.५ व्होल्टवर त्यातून सव्वादोन अँपियर जातो, म्हणजे ३० वॅट उष्णता. वाचवलेला करंट परत घालवायचा, आणि वर डिकीच्या कार्पेटजवळ चटका देणारा तुकडा ठेवायचा. एलईडीसाठीचा तीन पिनांचा फ्लॅशर घ्या आणि विषय संपवा.

पण तो जुन्याच्या जागी तसाच खुपसू नका. जुन्या तीन पिनांच्या फ्लॅशरवर बी म्हणजे बॅटरी, एल म्हणजे दिव्यांकडे, पी म्हणजे डॅशबोर्डचा पायलट दिवा (इंडिकेटर चालू असल्याचं दाखवणारा). नव्यावर बी, एल आणि ई. ई म्हणजे अर्थ. पी ची वायर ई वर गेली तर फ्लॅशरला अर्थ पायलट बल्बातून मिळतो आणि तो वेडावाकडा चालतो. पी ची वायर टेप करून बाजूला ठेवा, ई ला नवीन अर्थ द्या, बी आणि एल अचूक लावा. जुन्या दोन पिनांच्या फ्लॅशरला उलटसुलट चालायचं, याला चालत नाही.

पायलट दिव्याचाही एक सापळा आहे. काही गाड्यांत दोन्ही बाजूंना मिळून एकच पायलट असतो आणि तो डाव्या व उजव्या वायरच्या मध्ये जोडलेला असतो. डावीकडे व्होल्ट आले की पायलटमधून करंट उजव्या बल्बांच्या फिलामेंटमधून अर्थला जातो. फिलामेंट त्या करंटने उजळत नाही, एलईडी उजळतो. परिणामी कुठलीही बाजू द्या, चारही दिवे लुकलुकतात. पायलटच्या दोन्ही वायर सोडा, प्रत्येकीला एक वन-एन-४००७, दोन्हींचे पट्ट्याचे टोक एकत्र करून पायलटच्या एका टोकाला, आणि दुसरं टोक अर्थला.

पायलटसाठी मीटर काढलेच आहेत तर चार्जिंगचा लाल बल्ब मात्र काचेचाच ठेवा. डायनामो काढून अल्टरनेटर बसवलेला असेल तर अल्टरनेटरला सुरुवातीचा करंट त्याच बल्बातून मिळतो. तिथे एलईडी टाकला की आयडलला चार्जिंग सुरूच होत नाही.

पासोड्या_विठोबा :

ज्यांना तयार बल्ब पसंत नाहीत त्यांच्यासाठी स्वतःचा बोर्ड. साहित्य पुण्यात बुधवार पेठेत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतं. एका लॅम्पसाठी :

चार पायांचे लाल पिरान्हा एलईडी ३२. ३३० ओहम पाव वॅट रेझिस्टर ८. ४७० ओहम अर्धा वॅट १. वन-एन-४००७ डायोड २. पी६केई२०ए सर्ज डायोड १. लॅम्पच्या आकाराचा फायबर ग्लासचा डॉटेड बोर्ड.

५ मिमीचे गोल डोक्याचे एलईडी टाळा. त्यांचा उजेड अरुंद झोतात जातो, सरळ मागून भडक आणि जरा तिरकं गेलं की दिवा विझल्यासारखा. पिरान्हा पसरट उजेड देतो.

चार एलईडी सिरीजमध्ये आणि एक ३३० चा रेझिस्टर, अशा आठ ओळी. एका एलईडीला २.१ व्होल्ट धरले तर चारांना ८.४. आठही ओळींच्या वरच्या टोकांना एक समाईक पट्टी. ब्रेकची वायर एका डायोडमधून थेट पट्टीला. टेलची वायर दुसऱ्या डायोडमधून आणि मग ४७० मधून त्याच पट्टीला. खालची टोकं अर्थला. सर्ज डायोड पट्टी आणि अर्थमध्ये, डायोडवरच्या पट्ट्याचं टोक समाईक पट्टीकडे.

हिशोब : १३.८ व्होल्टवर डायोडचे ०.७ जाऊन १३.१ उरतात. त्यातून ८.४ वजा, ४.७ भागिले ३३०, म्हणजे ओळीला १४ मिलिअँपियर. टेलवर सगळ्या ओळींना मिळून ११-१२, म्हणजे ओळीला दीडच्या आत. जवळपास दहाला एक हे प्रमाण. टेल मंद वाटला तर ४७० च्या जागी ३३० लावा, प्रमाण सातपर्यंत येतं. २२० लावलात तर पाचाच्या जवळ याल, तिथे थांबा.

पाच एलईडी एका ओळीत घेण्याचा मोह होतो, कारण ओळी कमी लागतात. पण पाचांना साडेदहा व्होल्ट लागतात. आयडलला बॅटरी १२ च्या खाली आली की रेझिस्टरला काही उरत नाही, आणि ब्रेक नेमका सिग्नलला उभं असताना मंद होतो.

होल्डर_साफ_करा :

सर्ज डायोड कुणी गाळू नये, तो व्होल्टची क्षणिक उसळी रोखतो. सतत जास्त व्होल्ट हा वेगळा प्रश्न. डायनामोच्या कटआउट बॉक्समधल्या (चार्जिंग नियंत्रित करणारी पेटी) रेग्युलेटरचे कॉन्टॅक्ट चिकटले की व्होल्ट १५ च्या वर जातात. फिलामेंट ते सोसते. रेझिस्टरवर चालणारे स्वस्त एलईडी तापून एकेक चिप मरत जातात. तयार बल्ब घेणाऱ्यांनी ९ ते ३० व्होल्ट लिहिलेला, आत करंट नियंत्रित करणारा घ्यावा, आणि आधी इंजिन रेस करून बॅटरीवर मोजावं. १४.५ च्या वर जात असेल तर पहिलं काम कटआउट बॉक्सचं.

कोकणरेल्वे :

पावसाबद्दल. काचेमागचं रबर कडक झालेलं असतं. ३ मिमीच्या निओप्रीन शीटमधून जुन्या गॅस्केटचा आकार कापा. लॅम्पच्या तळाला पाणी निघायचं भोक असेल तर ते बुजवू नका. सगळीकडून बंद केलेल्या लॅम्पात दमट हवेचं पाणी होऊन आतच साचतं. पूर्वीचा बल्ब तापून ते वाळवायचा, एलईडी वाळवत नाही. सिलिकॉन लावायचंच तर न्यूट्रल क्युअर. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन तांब्याला आणि सोल्डरला खातं. किनाऱ्यालगत गाडी असेल तर स्वतः बनवलेल्या बोर्डवर इलेक्ट्रॉनिक्सचा लॅकर दोन हात मारा.

काच साबणाच्या पाण्याने धुवा. पेट्रोल किंवा थिनर लावलं की ॲक्रिलिकमध्ये केसासारख्या चिरा उठतात आणि त्या जात नाहीत.

मूळरूप :

वेगळा सूर लावतो. पद्मिनी हे नाव १९७४ पासूनचं, म्हणजे सुरुवातीच्या गाड्यांनी आता पन्नाशी ओलांडली. २०२१ मध्ये आलेल्या व्हिंटेज नोंदणीच्या नियमांत पन्नास वर्षं आणि मूळ स्वरूप या दोन्ही अटी आहेत. बल्ब बदलल्याने कुणी अडवेल असं मी म्हणत नाही, पण होल्डर कापून, रिफ्लेक्टर फोडून बोर्ड चिकटवणं मला पटत नाही. त्या काळचा लॅम्प पुन्हा घडणार नाही. आणि काचेतले परावर्तक चौकोन झाकू नका. बॅटरी मेलेली गाडी रात्री रस्त्याकडेला उभी असते तेव्हा तेवढंच दिसतं.

पासोड्या_विठोबा :

सहमत. म्हणून बोर्ड होल्डरमध्ये बसेल असा करा. जुन्या बल्बची काच फोडून बीएवाय१५डी चा बेस रिकामा करायचा (कापडात गुंडाळून, चष्मा लावून), त्यात तीन वायर सोल्डर करायच्या आणि बोर्ड काचेच्याच स्क्रूंवर छोट्या पट्ट्यांनी टांगायचा. एकही भोक पाडावं लागत नाही. दहा मिनिटांत गाडी पुन्हा मूळ रूपात.

डिकी_उघडी :

डायोडने काम झालं, मीटरचे दिवे आता पूर्ण बंद. शेवटची तपासणी कशी करायची?

लालकाच :

दोनदा करा. रात्री : नियम १०५ प्रमाणे मागचा लाल दिवा १५५ मीटरवरून दिसायला हवा आणि नंबर प्लेट १५ मीटरवरून वाचता यायला हवी. प्लेटसाठी पावलांनी अंतर मोजून स्वतः उभे राहून वाचा. दुपारी : ऊन थेट काचेवर पडेल अशी गाडी लावा, टेल चालू ठेवा आणि तीस मीटरवर जा. मित्राला न सांगता मध्येच ब्रेक दाबायला-सोडायला सांगा. प्रत्येक वेळी तुम्हाला कळलं पाहिजे. मग तेच दोन्ही बाजूंना ४५ अंशांवर उभं राहून. एका बाजूला जरी चुकलात तर बल्ब आडवा बसतोय का, चिप्स कुठे तोंड करून आहेत, तिथून पुन्हा सुरुवात करा. आणि काढलेले काचेचे बल्ब कापडात गुंडाळून डिकीत ठेवा, दोन डबल कॉन्टॅक्ट आणि एक सिंगल.